दोन केंद्रांतली आई

माणसं गेल्यावर त्यांच्या मनाची एकेक प्रत दोन शहरांतल्या केंद्रांत जपून ठेवत. एका प्रतीला सांगितलेलं दुसरीलाही कळावं, अशी युक्ती सुचवणारा अर्ज पेटंट तपासनीस हेमलता सोनटक्केनं ‘नवीन काही नाही’ म्हणून फेटाळला होता. तो आपण पुरता वाचलाही नाही, ही खंत आता तिला खात होती.

काल तिनं नागपूरच्या केंद्रातल्या आईला आपला भाऊ विनू गेल्याचं सांगितलं आणि तिच्याजवळ रडून घेतलं. आज नागपूरचं केंद्र बंद होतं, म्हणून पुण्याच्या केंद्रातली आई पडद्यावर आली.

“हेमा, विनू कसा आहे गं?” आईनं हसून विचारलं.

हेमलतानं पुन्हा सगळं सांगितलं. आई पुन्हा तशीच कोसळली. मग सावरून म्हणाली, “पोरी, तू रडलीस तरी का कुणाजवळ?”

“रडले,” हेमलता म्हणाली. कुणाजवळ, ते मात्र तिला सांगवेना.