मोठ्या बल्बाचा होल्डर

"गाडीचं नाव सांगितलं की सगळे इंडिकेटरला बारीक बल्ब देतात, मिस्त्री. तो बसतच नाही," हाताची हळद अजून न उतरलेला तरुण म्हणाला.

डुबल मिस्त्रींनी काच काढली आणि त्यांचा हात थांबला. गाडीचा रंग आणि नंबर वेगळा, पण आत मोठ्या बल्बाचा होल्डर होता, त्यांनीच डाख देऊन बसवलेला. लेकीच्या लग्नात जावयाला गाडी देताना. सासरच्या वाटेवर घाट, मागच्याला लांबून दिसावं म्हणून.

पाच महिन्यांपूर्वी ती गाडी चोरीला गेल्याचं व्याही निकमांनी सांगितलं होतं. 'बापाकडून दुसरी घेऊन ये,' म्हणत लेकीला माहेरी धाडलं. परवा नणंदेच्या लग्नालाही बोलावलं नाही.

"कुठून घेतली?"

"घेतोय कशाला? लग्नात मिळाली. निकमांनी दिली, सासऱ्यांनी."

मिस्त्रींनी एकवीस वॅटचे दोन बल्ब शोधून बसवले. बटण दाबलं. दोन्ही नीट लुकलुकले. मग किल्ली काढून त्यांनी स्वतःच्या खिशात टाकली आणि घराच्या दाराकडे वळून हाक मारली,

"शैला, बाहेर ये. तुझ्या नणंदेचे मालक आलेत, तुझी चोरीला गेलेली गाडी घेऊन."