माहेरचं मत

“परमुलखात सून धाडायची आमच्यात चाल न्हाई,” सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

सत्तावन्न सालची गोष्ट. नव्या सीमेमुळे बेळगावकडचं माझं सासर म्हैसूर राज्यात गेलं होतं आणि चंदगडकडचं माहेर मुंबई राज्यात. लग्नाला वर्ष झालं तरी मला आईचं तोंड दिसलं नव्हतं. आधी भातकापणीचं कारण असायचं, आता सरकारनंच सासूबाईंना नवं कारण दिलं होतं.

विधानसभेच्या मतदानादिवशी सकाळी दारात जीप थांबली. माझं नाव अजून माहेरच्याच मतदारयादीत होतं, म्हणून तिकडच्या उमेदवाराचा माणूस मला न्यायला आला होता.

“एकेक मत मोलाचं हाय, मावशी. सांजच्याला सुनेला परत आणून सोडतो.”

सासूबाईंनी हात धुतले. “जीप तांबुळवाडीवरनं जाती का रं?”

“व्हय. का?”

तांबुळवाडी सासूबाईंचं माहेर. त्यांच्या सासूनंही त्यांना तिकडे कधी सुखानं धाडलं नव्हतं. त्या आत गेल्या आणि ठेवणीतलं इरकली लुगडं नेसून बाहेर आल्या.

“पण तुमचं मत हिकडं म्हैसुरात हाय, मावशी!”

“मत कोण देतंय? जरा सरकून बस.”

जीप गावाबाहेर पडली तशी त्यांनी विचारलं, “पुढची निवडणूक कवा?”

“पाच वर्सांनी.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“मग सांजच्याला नगं. आमा दोघींस्नी न्यायला पुढच्या सोमवारी ये.”