संपवलेला गेम

सौमित्र खानावळीचा डबा उघडायला बसला आणि आईचा फोन आला. "अरे, तू लिहिलं होतंस ना, तो होडीवाला गेम? आज संपवला मी!" तिला कोण आनंद झाला होता.

संपवलेल्या गेमांबद्दल फेसबुकवर चार-चार ओळी लिहायची त्याची सवय. या गेमबद्दल लिहिलं होतं, 'म्हाताऱ्या आईला होडीतून गावी सोडायला निघालेल्या मुलाची गोष्ट. शेवटी मला माझी आईच आठवली.' लोकांनी बदामांचा पाऊस पाडला होता. खरं तर दुसऱ्याच वळणावर कंटाळून त्यानं गेम सोडला होता आणि पुढचं सगळं ठोकून दिलं होतं.

"तुला मी आठवले म्हटल्यावर राहवेना," आई सांगत होती. "शेजारच्या सुनेनं मोबाइलवर घालून दिला. माझी बोटं ही अशी, होडी सारखी खडकावर आपटायची. पण नेलं बाई त्या म्हातारीला एकदाचं घरी. आणि मुलगा परत निघताना ती त्याला विचारते ना, 'आता परत कधी येशील?' खाली तीन उत्तरं येतात. तू कुठलं दिलंस रे?"

"लवकरच येतो, हे," सौमित्र कसाबसा म्हणाला.

"हे नव्हतं रे त्यात," आई बोलून गेली आणि लगेच तिनंच सावरून घेतलं, "तुझ्या मोबाइलवर वेगळं असेल हो. जेवलास का?"

"जेवलो," तो म्हणाला. डबा समोर तसाच बंद होता.