उभा कर रे म्हाराजा

“पडली!” चंद्रप्रकाशने कपाळावर हात मारून घेतला. सकाळपासूनची ही चौथी आपटी.

घाटकोपरच्या स्वयंपाकघरात, साखरेच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलमध्ये श्रीलंकेचा निळाशार समुद्र उसळत होता. त्यात त्याची आणि बायको प्रेमाची लेक श्रुतिका एका लांबलचक फळीवर उभी राहायला बघत होती. आठ दिवसांच्या सुट्टीवर गेलेली पोर, सर्फिंगचं असं काही खूळ घेऊन बसली की तिने पैजच लावली, तीही स्वतःशी. रविवार दुपारपर्यंत एका लाटेवर उभं राहून किनाऱ्याला लागता आलं, तर तिथल्याच सर्फिंग शाळेत सहा महिने राहायचं, पडेल ते काम करायचं आणि शिकायचं. शाळेचा मालक तयार होता. नाही जमलं, तर संध्याकाळचं विमान आणि उद्यापासून पुन्हा अंधेरीचं ऑफिस. आज रविवार होता आणि पावणेबारा वाजले होते.

“काका, लास्ट चान्स हां! बाराला बोर्ड परत द्यायचाय,” किनाऱ्यावर मोबाइल धरून उभी असलेली सपना ओरडली. श्रुतिकाची ऑफिसातली मैत्रीण, सोबतीला गेलेली.

चंद्रप्रकाशने बनियन सारखं केलं, हात जोडले आणि कोकणातल्या गावच्या देवळात देवाला घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं पाचव्यांदा सुरू केलं.

“बा देवा म्हाराजा! आमचा चेडू लाटेर चढता हा, तेका उभा कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” तिकडून सपनाने साथ दिली. ती मूळची लातूरची, पण चार गाऱ्हाण्यांत तयार झाली होती.

प्रेमाही “व्हय म्हाराजा” म्हणत होती, जरा हळूच. शिवाय दर वेळी डोळे मिटून आणखी काहीतरी पुटपुटत होती. काय ते तिचं तिला ठाऊक. संध्याकाळच्या उसळीसाठी काळे वाटाणे तिने कालच भिजत घातले होते. लेकीच्या गादीवर धुतलेली चादरही घालून झाली होती. एकुलती एक पोर सहा महिने घरात दिसणार नाही, हे तिला नकोच होतं.

आताही तिने हात जोडले. डोळे मिटणार, एवढ्यात सपना किंचाळली, “आली! काकू, बघा, केवढी आली!”

प्रेमाचे डोळे सताड उघडेच राहिले. श्रुतिकाच्या पाठीमागे पाण्याची भिंत उठत होती. पोरीने हात मारले, फळी पुढे धावली. एक गुडघा वर आला. फळी डगमगली.

“ऊठ! ऊठ गो बाय! गुडघे वाकव!” प्रेमा कधी ओरडायला लागली, तिचं तिलाच कळलं नाही. ओट्यापाशी ती स्वतःच गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून उभी होती. तिच्या धक्क्याने वाटाण्यांचं पातेलं कलंडलं, पाणी फरशीवर पसरलं. त्या पाण्यातच ती नाचत होती, कारण श्रुतिका उभी होती! दोन पायांवर, केस मोकळे सोडून, थेट किनाऱ्यापर्यंत!

पोरगी धापा टाकत मोबाइलसमोर आली. नाकातोंडात पाणी, डोळ्यांतही.

“आई! बघितलंस ना? राहू ना गं मी इथे?”

प्रेमाने मोबाइल उचलून तोंडाजवळ धरला.

“राहा. आणि केसांना रोज तेल लाव. खारं पाणी वाईट.”

फोन बंद झाला. चंद्रप्रकाशची छाती फुगली होती. “बघितलंस? माझ्या गाऱ्हाण्याक पावलो देव! पण आधी चार वेळा खय होतो, कोण जाणे.”

प्रेमा फरशीवरचे वाटाणे वेचत होती. डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं.

“हयच होतो. चारय वेळा माझा ऐकत होतो. ह्या टायमाक मीच सांगूक इसारलंय.”