मोरीमागचं पान

विडा चघळता चघळता दगडोबा थांबला.

"हे पान कुठलं?"

"मोरीमागचं," बायको हरणाबाई म्हणाली. "सत्यभामेनं येल लावलाय. काडी आपल्याच मळ्यातली, गड्यानं बांधावर टाकलेली."

दगडोबानं पान बाहेर काढून निरखलं. निजामाचं राज्य गेलं, पण पानमळ्याचा कायदा काही गेला नव्हता. बाईनं आत पाऊल टाकलं की मळा बाटतो. चैत्रात सून सत्यभामा भाकरी घेऊन दोन पावलं आत गेली आणि तेव्हापासून मळा करपत चालला. उद्या तिचा भाऊ तिला न्यायला येणार होता, परत आणायची बोली नव्हती.

तो तसाच उठून मोरीमागं गेला. भांडी घासणारी सत्यभामा बाजूला सरली. वेल भिंत चढून माळवदाला टेकला होता. पानं तळहाताएवढी, तुकतुकीत. मळ्यात याच वेलाची पानं सुकून बोटाएवढी झाली होती. हे काय गौडबंगाल! दगडोबा राग विसरला आणि उकिडवा बसून माती चिवडू लागला. माती तीच, मुरमाड.

"पाणी?"

"भांड्याचंच, मामंजी."

"हात कोण लावतं?"

"म्याच. रोज."

"रोज?"

"रोज," तिनं मान खाली घातली.

वैशाखाचं ऊन रणरणत होतं. दगडोबा भिंतीच्या टोकापलीकडं गेला. मावळतीकडून गरम वाऱ्याची झळ तोंडावर आली. मागं आला, वारा नाही, पान हलत नाही. पुन्हा पलीकडं गेला, पुन्हा मागं आला. म्हाताऱ्याला ऊन लागलं की काय, म्हणून हरणाबाई दारात येऊन उभी राहिली.

"मळ्याच्या मावळतीला शेवरीच्या झाडांची दाट रांग व्हती न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हती की. जागा खाती म्हणून चैतात तुमीच तोडली. आता चुलीत जळतीया."

दगडोबा भिंतीला टेकून बसला. वेलाकडं बघत राहिला. बिचारी सत्यभामा घासलेलंच भांडं पुन्हा पुन्हा घासत होती.

शेवटी हरणाबाईलाच राहवलं नाही. "अवो, उद्या हिचा भाऊ येतोय. मळा कुणी बाटवला म्हणून सांगायचं त्याला?"

"म्या," दगडोबा म्हणाला. "कुऱ्हाडीनं."