पितळेची चकती

पेटीचं झाकण उचललं तशी भट्टीची धग अश्वजितच्या तोंडावर आली. बाहेर सकाळची बोचरी थंडी, आणि आत बल्ब ढणढणा जळतोय. अजगर बल्बाभोवतीच वेटोळं करून पडला होता. अश्वजितनं हात घातला तर चटका बसला, आणि पोटाची कातडी सुटून त्याच्या बोटांना चिकटून आली.

साप असाच वेडा. ऊब मिळाली की तिथून हलत नाही. खालून कातडी जळो, तो आपला ऊब घेत पडतो. म्हणून तर थर्मोस्टॅट लावायचा असतो. पितळेची एक चकती असते. पेटी तापली की ती फुगते, बटण दाबते आणि बल्ब विझतो. एवढंच तिचं काम, आणि तेवढंच तिनं केलं नव्हतं.

त्या साली बोंडअळीनं कपाशी खाल्ली आणि मारेगावच्या भोवताली ज्यानं त्यानं उभ्या पिकावर रोटाव्हेटर घातला. त्या पात्यात हा सापडला होता, पाठ फाटलेली. अश्वजित गावातला सर्पमित्र. त्यानं तोंड धरलं, त्याचा जोडीदार मोईन यानं शेपूट धरली, तेव्हा कुठे तो पोत्यात गेला. गुरांच्या डॉक्टरांनी टाके घातले आणि वनरक्षक मारोतरावांनी जखम भरेपर्यंत तो अश्वजितच्या भरवशावर ठेवला. जखम भरतही आली होती. संक्रांत झाली की झरीच्या जंगलात सोडायचा, असं ठरलं होतं.

थर्मोस्टॅट आणायला अश्वजित नागपूरला निघाला होता. आकडे दाखवणारा, चांगला भरवशाचा घ्यायचा होता त्याला. मोईननंच अडवलं. "नागपूरले कायले जातं? मी मेलो काय? माह्याकडं हाय ना, अंडे उबवाच्या मशीनचा. एकदम ओके." विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरणारा माणूस, तारेत जन्म गेलेला. तो ओके म्हणतो म्हणजे ओके. अश्वजितनं चकती साधी उलटून पाहिली नाही.

आज पाहिली. स्क्रू काढून उजेडात धरली.

मोईनची एक रीत होती. कामातून गेलेल्या वस्तूवर तो बायकोच्या नेलपॉलिशचा लाल टिपका लावायचा, चांगल्यात मिसळू नये म्हणून. या चकतीवर टिपका नव्हता. पातं फिरवून काढलेला ओरखडा होता, आणि कडेच्या खाचेत लाल रंग तसाच राहिला होता.

खराब वस्तू चुकून दिली जाते, मान्य. टिपका काही चुकून खरवडला जात नाही.

तो तसाच दुकानावर गेला. मोईन रिकामाच बसला होता. पीकच नांगरून टाकलं तर मोटार कोण भरून घेणार? दुकानाच्या कोपऱ्यात अंडी उबवायची मशीन चालू होती, यंदा घर तिच्यावरच. तिच्या दारावर नवाकोरा थर्मोस्टॅट, आकडे दाखवणारा.

अश्वजितनं चकती त्याच्या पुढ्यात ठेवली. "मेला."

मोईननं चकतीला हात लावला नाही.

"टिपका तूच खरवडला काय?"

मोईन फडक्यानं हात पुसत राहिला. हात काही मळलेले नव्हते. "अंड्याचा एक ट्रे उकडला तिनं माहा, तवा काढलती. पण कवा कवा चालत होती, यार. मले वाटलं, तुही नागपूरची खेप वाचन, तुह्याकडं निभून जाईन."

"म्हंजे तुले मालूम होतं."

"नवा एकच भेटला. तो मशीनले लावला. अंडी खराब झाली असती त लेकरं काय खातीन?" त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "आन् तो सापच त होता, अश्वजित."

सापच तर होता. परका कोणी बोलला असता तर अश्वजितनं त्याला उभा-आडवा घेतला असता. पण हा मोईन. इतकी वर्षं अश्वजितनं विषारी तोंडाशी हात घातला तो मागे हा आहे म्हणून.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मारोतराव. सकाळी सकाळी अजगराची खबर घ्यायची त्यांची सवयच होती. अश्वजितनं फोन मोईनच्या हातात दिला. "तूच सांग. जे झालं ते सांग."

मोईननं फोन कानाला लावला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"सलाम साहेब, मोईन बोलून राह्यलो. हो, अश्वजित इथंच हाय. साहेब, तो अजगर गेला. बल्ब चालूच राह्यला रातभर." तिकडून थर्मोस्टॅटचं विचारलं असावं. "नाई नाई, चकती बराबर होती. मी सोता चेक करून देल्लती. यालेच लावाचं ध्यान राह्यलं नाई, झोप लागली असंन. माणूसच हाय ना, साहेब. त्याले काई बोलू नका, लई मनाले लावून घेतलं त्यानं."

त्यानं फोन बंद केला आणि अश्वजितच्या हातात परत दिला.

"समजावलं मी त्याईले," तो म्हणाला. "बस, चाय मांगवतो."