न घसरणारा पत्रा

“हा गंजेल, तो चपला खाईल,” म्हणत अप्पा पेंडुरकरांनी पायऱ्यांसाठीचा आणखी एक खडबडीत पत्रा बाजूला सारला.

“अप्पा, पत्रा निवडताय की नवरी?” दुकानदार हसला.

अप्पाही हसले, पण मनातला हिशेब वेगळाच होता. घराच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून शेजारची रोहिणी त्यांना रोज धरून उतरवायची. बायको गेल्यापासून हाती माणसाचा हात यायचा तो तेवढाच.

शेवटी सोबत आलेल्या रोहिणीनेच पत्रा ठरवला. “आता तुम्हीही सुटलात नि मीही!”

पत्रे बसले त्या सकाळी अप्पा वरच्या पायरीवर रेंगाळले. रोहिणी खालूनच ओरडली, “या बिनधास्त, आता नाही घसरत!”

अप्पा एकटेच उतरले. वाटेत त्यांनी मुद्दाम पाय सरकवून पाहिला. मेल्या पत्र्याने तो जागचा हलू दिला नाही.